गुळवेलीचा काढा पांढऱ्या पेशींना नेमकं काय करतो? (सासूबाई, सी विंगचे काका आणि थर्मास)

सायली_गोरेगाव | सोमवार, रात्री १०:४२

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक कडूनिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलीये. सी विंगमधले एक काका (रिटायर्ड, अतिशय सज्जन, कुणाच्याही घरी पाहुण्यांची गाडी आली तरी स्वतः पार्किंग शोधून देणारे) लॉकडाऊनपासून रोज सकाळी त्या वेलीचा काढा करतात आणि साताच्या ठोक्याला थर्मास घेऊन निघतात. साताठ घरी देतात, त्यात आम्ही पण.

आता प्रॉब्लेम असा की सासूबाईंना आमवात आहे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी आणि शिवाय हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. मागच्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना सहज म्हटलं की काढा घेतात, तर ते एकदम म्हणाले बंद करा. का विचारलं तर म्हणे इम्युनिटी वाढवू नका यांची. बाहेर वीस पेशंट बसलेले, पुढे काही विचारता आलं नाही. सासूबाई म्हणतात, प्रतिकारशक्ती वाढली तर वाईट काय त्यात? आणि खरं सांगू का, माझ्याकडे पण उत्तर नाहीये. कुणी नीट समजावून सांगेल का की हा काढा पोटात गेल्यावर त्या पांढऱ्या पेशींना काय करतो? नुसतं "अ‍ॅलोपथीवाले असंच बोलतात" आणि "आयुर्वेद थोतांड आहे" हे दोन प्रतिसाद नको, ते मला घरीच मिळतात.

बंड्या_लोअरपरळ | १०:५०

थर्मासवाले काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडे दुधीचा रस आहे. तुम्ही सुखी आहात.

मीनल_के | ११:१५

मी सलग ८ महिने घेतला, मला काही झालं नाही उलट सर्दीसुद्धा झाली नाही.

बंड्या_लोअरपरळ | ११:१७

ते ८ महिने सगळे मास्क लावून घरात बसलेले मीनलताई. सर्दी येणार कुठून.

पेट्रीडिश | मंगळवार, सकाळी ९:०५

सायली, प्रश्न आवडला. मी बरीच वर्षं पेशींवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

शरीरात मॅक्रोफेज नावाच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांना सोसायटीचा वॉचमन समजा. एरवी खुर्चीत डुलक्या काढतात. त्यांच्या अंगावर बरीच बटणं असतात, त्यातलं एक टीएलआर-४. ही डोअरबेल मुळात जंतूंसाठी आहे, म्हणजे ठराविक प्रकारच्या बॅक्टेरियाच्या भिंतीचा तुकडा तिथे लागला की बेल वाजते, वॉचमन खडबडून उठतो, शिट्ट्या मारतो (या शिट्ट्या म्हणजे सायटोकाइन), समोर दिसेल ते गिळायला लागतो आणि बाकीच्या पेशींना बोलावून घेतो.

गुळवेलीच्या खोडात एक मोठा साखरेचा रेणू असतो, अरॅबिनोगॅलॅक्टन जातीचा. आपल्या ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीतल्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) लोकांनी तो वेगळा काढला, १९९९ मध्ये छापून आलंय, त्यांनी त्याला जी१-४ए असं कंटाळवाणं नाव दिलं. तर हा रेणू तीच टीएलआर-४ची बेल वाजवतो. जंतू नाहीच, पण बेल जंतूचीच. दुपारी बेल वाजवून पळणारी पोरं असतात ना, तसं. शिवाय बी पेशींनाही (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) तो वाढायला लावतो.

आता गंमत बघा. त्याच संस्थेतल्या पुढच्या कामात उंदरांना आधी जी१-४ए दिलं आणि मग जंतूंच्या विषाचा मरणाचा डोस दिला, तर उंदीर वाचले. म्हणजे पोरांनी रोज बेल वाजवली की वॉचमन एकीकडे जागा राहतो आणि दुसरीकडे खऱ्या बेलला आकांततांडव करत नाही. त्यामुळे "वाढवते" हा शब्दच अर्धवट आहे.

नाना_गिरगावकर | ९:४०

उंदरांचं सोडा हो. आमच्या चाळीत आजी गुळवेल तापाला द्यायची, तीन दिवस. चौथ्या दिवशी कुणी मागितली तरी द्यायची नाही. थर्मास वगैरे नव्हता.

सुलू_मुलुंड | १०:२२

माणसांवरचं हवं असेल तर आपल्या परळच्या केईएमचं काम आहे की! डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर खूप वर्षं काम केलं. १९९३ ला आलेला अभ्यास तर मला तोंडपाठ आहे कारण एकदा सेमिनारमध्ये त्यावरून माझी चंपी झाली होती. पित्तनलिका अडून कावीळ झालेले ३० पेशंट, दोन गट. एकाला नेहमीचे उपचार म्हणजे व्हिटॅमिन के, अँटिबायोटिक आणि पित्ताचा निचरा. दुसऱ्याला हेच सगळं अधिक गुळवेलीचा अर्क, वजनाच्या दर किलोमागे १६ मिलिग्रॅम. पहिल्या गटात निम्म्या लोकांना सेप्टिसिमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) झाला, गुळवेलवाल्यांत एकालाही नाही. ऑपरेशननंतर जगण्याचं प्रमाण ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के. आणि सायलीच्या प्रश्नाशी थेट संबंधित म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची जंतू गिळायची आणि मारायची क्षमता फक्त गुळवेलवाल्या गटातच नॉर्मलला आली.

मीनल_के | १०:३०

घ्या! म्हणजे लिव्हरसाठी तर चांगलीच आहे मग डॉक्टर कशाला घाबरवतात?

तिरकस_तात्या | १०:४८

९२.४ टक्के? ३० पेशंट, म्हणजे एका गटात पंधराच्या आसपास. एक माणूस इकडचा तिकडे झाला की सहासात टक्के हलतात. छान अभ्यास आहे पण ९३ सालचा आहे आणि लहान आहे. त्याच्या जोरावर गोरेगावातल्या सी विंगला काढा पाजता येत नाही.

पेट्रीडिश | ११:३०

तात्या बरोबर पण सुलूचा मुद्दा त्याहून मोठा आहे, आणि मीनलताईंनी नेमका तो उलटा वाचलाय.

त्या पेशंटांची परिस्थिती बघा. पित्त आतड्यात पोचत नाही, त्यामुळे आतड्यातल्या बॅक्टेरियाचं विष जास्त प्रमाणात रक्तात शिरतं. ते गाळून घ्यायचं काम लिव्हरमधल्या कुप्फर पेशींचं, त्याही मॅक्रोफेजच, पण काविळीत त्या पार ढेपाळलेल्या असतात. म्हणजे वॉचमन खरोखर झोपलेला आणि चोर आत. अशा वेळी बेल वाजवणं हा उपकार आहे. आणि सुलूने लिहिलंय ते परत वाचा, पेशींची क्षमता नॉर्मलला आली असं लिहिलंय. लिव्हरचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं होतं, फरक पडला तो पेशींत. त्यामुळे "लिव्हरसाठी चांगली" हा निष्कर्ष त्यातून निघतच नाही.

सायलीच्या सासूबाईंचा वॉचमन झोपलेला नाहीये. आमवातात तो सोसायटीच्याच मेंबरांना चोर समजून सांध्यांपाशी दंडुका घेऊन उभा असतो. मेथोट्रेक्सेट देऊन त्याला कसंबसं खुर्चीत बसवलंय. आता तिथे जाऊन रोज सकाळी सातला बेल वाजवायची का, एवढाच प्रश्न आहे.

सायली_गोरेगाव | १२:१०

अगदी हेच हवं होतं!! सातला बेल खरंच वाजते आमची, काका दोनदा वाजवतात.

वैद्य_अनुराधा | दुपारी २:१५

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, दादरला. वरच्या वॉचमनवर थोडा आक्षेप नोंदवते. एक रेणू वेगळा काढून त्याची जी वागणूक दिसते तीच अख्ख्या काढ्याची असेल असं नाही. गुळवेल आमच्याकडे रसायन (ताकद टिकवणारं औषध) आहे तशीच ती वातरक्तात (सांधे सुजण्याचा एक आजार) दिलेली आहे, आमवातात सुंठीबरोबर देतात. म्हणजे ज्या आजारांना तुम्ही ऑटोइम्यून किंवा दाहाचे म्हणता तिथेही ती आहे. नुसतीच चेतवणारी असती तर हे झालं नसतं.

पण (हा पण मोठा आहे) आम्ही कुणाला देतो, किती दिवस देतो आणि बरोबर काय देतो हे बघून देतो. पेशंट परत येतो, जीभ बघतो, भूक विचारतो. सी विंगच्या काकांना तुमच्या सासूबाईंची भूक कशी आहे माहितीये का? सगळ्यांना एकच थर्मास, वर्षानुवर्षं, हा आयुर्वेद नव्हे. ही चहाची टपरी झाली. काढा किती आटवतात तेही विचारा, चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवलेला आणि नुसती उकळी आणलेला यात फार फरक पडतो.

बंड्या_लोअरपरळ | २:२०

टपरीचा अपमान सहन केला जाणार नाही.

धूळग्रस्त | २:५५

अनुराधाताईंच्या बाजूने एक. आमच्याकडे रीडेव्हलपमेंट चालू आहे, चारही बाजूंनी चार टॉवर, सकाळी उठलं की पंधरावीस शिंका ठरलेल्या, तेव्हा एका ईएनटीवाल्यांनीच सांगितलं होतं की अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर गुळवेलीची चाचणी झालीये. २००५ साली, ७५ जण, ८ आठवडे, निम्म्यांना खोटी गोळी. गुळवेलवाल्यांपैकी बहुतेकांच्या शिंका थांबल्या आणि नाकातल्या स्रावात इओसिनोफिल पेशी (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी झाल्या. म्हणजे तिथे वॉचमन शांत झाला की. बादवे मला मात्र काही फरक पडला नाही, टॉवर पूर्ण झाल्यावर शिंका थांबल्या.

तिरकस_तात्या | ३:१०

म्हणजे झोपलेल्याला उठवते आणि उठलेल्याला झोपवते. मंत्रीच करा तिला.

पेट्रीडिश | ३:४५

हाहा. पण असं होऊ शकतं. एकाच खोडात पन्नास प्रकारचे रेणू असतात, कडू वेगळे, साखरेचे वेगळे, बर्बेरीनसारखी अल्कलॉइडं वेगळी. पाण्यात काय उतरतं, अल्कोहोलमध्ये काय उतरतं, त्यावर पेशी काय करतात ते ठरतं.

आणि आमच्या धंद्यातली एक मेख सांगून ठेवतो. वनस्पतीचा अर्क मॅक्रोफेजवर टाकला आणि पेशी चेतल्या की सगळे खूश होतात, पेपर निघतो. पण त्या अर्कात बॅक्टेरियाच्या विषाचा कण जरी शिरला असेल, पाण्यातून, भांड्यातून, सालीवरच्या मातीतून, तरी पेशी तशाच चेततात कारण बेल एकच. मग पॉलिमिक्सिन बी टाकून ते विष बांधून टाकायचं आणि परत बघायचं की परिणाम टिकतो का. मी एकदा तीन महिने एका मुळाच्या अर्कावर उड्या मारत होतो. पॉलिमिक्सिन टाकलं आणि सगळा आलेख सपाट. गाईडने काही न बोलता चहा मागवला. त्यामुळे "अमुक अर्काने मॅक्रोफेज चेतले" असं वाचलं की मी आधी ही ओळ शोधतो.

दुसरं, डिशमध्ये पेशी थेट अर्कात बुडालेल्या असतात. काढा आधी पोटात जातो. एवढा मोठा साखरेचा रेणू आपल्याला पचत नाही आणि अख्खा रक्तात जाणंही कठीण, आतड्यातले बॅक्टेरिया त्याच्यावर ताव मारतात. मग जे काही होतं ते बरंचसं आतड्याच्या भिंतीतल्या पेशींमार्फत.

सुलू_मुलुंड | संध्याकाळी ७:३०

मला वाटलंच होतं कुणीतरी काढेल पण कुणी काढलं नाही म्हणून मीच लिहिते. मीनलताई, लिव्हरचा विषय इथेच मुंबईत फिरलाय. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांकडे सहा पेशंट आले, कावीळ, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) चढलेलं, आणि सगळे गुळवेल घेणारे. बायोप्सीत चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे स्वतःच्याच पेशी लिव्हरवर तुटून पडलेल्या. २०२१ मध्ये ते छापून आलं. आयुष मंत्रालयाने लगेच खुलासा काढला की लेखकांनी वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची चुलत बहीण असू शकते, तिच्यावर ढकलू नका. मग २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ पेशंट एकत्र करून मोठा अहवाल आला, त्यातही अनेकांत ऑटोइम्यूनकडे झुकणारंच चित्र. काहींना आधीपासून थायरॉइड वगैरे काहीतरी होतं.

म्हणजे ९३ साली परळला जी पेशी जागी करून माणसं वाचवली तीच पेशी चुकीच्या माणसात जागी झाली की लिव्हर खाते, असं मी समजते. करोडो लोकांनी प्यायली आणि बहुतेकांना काही झालं नाही हेही खरंच. पण सासूबाई त्या बहुतेकांत बसत नाहीत ना.

मीनल_के | ८:०२

बापरे. मला थायरॉइड आहे.

वैद्य_अनुराधा | ८:२०

मीनलताई घाबरू नका, तुम्ही आता घेत नाही आहात ना? एकदा एलएफटी (लिव्हरची रक्त तपासणी) करून टाका आणि विषय संपवा. आणि कुणाला मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनीही लक्षात ठेवा, गुळवेलीने साखर खाली येते, दोन्ही मिळून जास्तच खाली येऊ शकते.

ओळखीचा मुद्दा मात्र खरा आहे. दादर स्टेशनबाहेर माळव्याबरोबर जुड्या विकणाऱ्या बायकांकडून मी स्वतः एकदा भलताच वेल घेऊन आले होते. सायली, वेल बघून घ्या. गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल कागदासारखी पातळ सुटते, आत हिरवं दिसतं. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे उंच फोड असतात, हात फिरवला तरी कळतं. आणि गुळवेल आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखं दिसतं, म्हणून तिचं एक नाव चक्रलक्षणा. दुसरं नाव छिन्नरुहा, कापली तरी रुजते. कापलेला तुकडा फेकू नका, बाल्कनीच्या ग्रिलला अडकवला तरी मुळ्या सोडेल.

नाना_गिरगावकर | ८:४५

आमच्या गॅलरीत होती अशी. मालकाने रंगकाम काढलं तेव्हा तोडली, सहा महिन्यांनी इलेक्ट्रिकच्या मीटरमागून परत आली. आजी म्हणायची कडूनिंबावरचीच घ्यावी. मीटरवरचीला काय गुण येतो कुणास ठाऊक, झटका बसत असेल.

बंड्या_लोअरपरळ | ८:४७

नाना _/\_

तिरकस_तात्या | ९:१५

वनस्पती ओळखली नाही हा बचाव मला कधीच कळला नाही. ज्या देशात वैद्याला स्टेशनबाहेर भलता वेल मिळतो तिथे सामान्य माणसाला "सगळ्यांनी गुळवेल प्या" सांगायचं आणि नंतर म्हणायचं तुम्ही चुकीची प्यायलात?

वैद्य_अनुराधा | ९:३०

यावर माझं तुमच्याशी भांडण नाही तात्या. नोंद करून ठेवा, परत होणार नाही.

सायली_गोरेगाव | १२ दिवसांनी, रविवार, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

र्‍हुमॅटॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली (सांध्यांच्या डॉक्टर, बाई आहेत). त्यांनी पण बंद करा सांगितलं पण दहा मिनिटं बसून सांगितलं, आणि पेट्रीडिश, त्यांनी वॉचमन नाही वापरला, कुत्रा वापरला. एलएफटी केली तर एसजीपीटी ६८. चार महिन्यांपूर्वी ३१ होतं. पण त्या म्हणाल्या की मेथोट्रेक्सेटने पण वाढतं, त्यामुळे बोट कुणाकडे दाखवायचं ते आत्ता सांगता येणार नाही, काढा थांबवा, गोळी तीच ठेवू आणि तीन आठवड्यांनी परत बघू.

खरी पंचाईत पुढे. सासूबाई म्हणाल्या, काकांना वाईट वाटेल. पहिले पाच दिवस त्यांनी कप घेतला, थँक्यू म्हटलं आणि काका लिफ्टमध्ये शिरले की कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला. (कढीपत्ता जोरात आहे, त्याला एलएफटी नाही.) सहाव्या दिवशी मीच धीर करून काकांना खाली गाठलं आणि सांगितलं. ते काही बोललेच नाहीत, मला भिंतीपाशी घेऊन गेले, खिशातून छोटी कात्री काढली आणि एक जाड तुकडा कापून हातात दिला. साल पातळ कागदासारखी सुटली, आत हिरवं. कापलेल्या तोंडावर आरे अगदी स्पष्ट, सायकलच्या चाकासारखे. फोड नाहीत. मी फोटो काढलाय, अनुराधाताई तुम्हाला पाठवते.

वैद्य_अनुराधा | ५:०५

फोटो बघितला. शंभर टक्के गुळवेल आहे, आणि चांगली जुनी.

तिरकस_तात्या | ५:१०

म्हणजे चुलत बहीण सुटली.

पेट्रीडिश | ५:४०

६८ वरून काही सिद्ध होत नाही, ना गुळवेलीचा दोष ना गोळीचा. तीन आठवड्यांनी खाली आलं तरी पूर्ण सिद्ध होणार नाही, एकच माणूस आहे. पण एका वेळी एकच गोष्ट बदलताय हे बरं केलं त्यांनी, निदान काही अर्थ लावता येईल. आकडा कळवा.

मीनल_के | ६:१५

माझी नॉर्मल आली!! सगळ्यांना पेढे.

सायली_गोरेगाव | आणखी तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ११:३०

३७. गोळी तीच, काढा बंद. बाईंनी फाइलमध्ये नुसतं "गुळवेल टाळावी" लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली. सासूबाईंनी ती फाइल काकांना दाखवली, मला न विचारता.

काका अजून सातला निघतात पण आता पाचच घरी. बी विंगमधल्या एक आजी सोरायसिससाठी (तोही वॉचमन उलटल्याचाच आजार, कातडीवरचा) औषध घेतात, त्यांचंही काकांनी स्वतःहून बंद केलं. आणि काल लिफ्टमध्ये भेटले तेव्हा जरा इकडेतिकडे बघून हळूच विचारत होते, ती लिव्हरची टेस्ट कुठे केलीत, घरी येऊन रक्त नेतात का, आणि त्याला उपाशी राहावं लागतं का.

बंड्या_लोअरपरळ | ११:३४

काढा घेऊन चालेल का ते पण विचारलं का?

सायली_गोरेगाव | ११:३६

विचारलं.